आधी लगीन ब्रेकचं

पत्र

नमस्कार. मी मूळचा चिंचवडचा, सध्या मिशिगनमध्ये नोव्हायला असतो. ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअर, पण हौस पाने-पकडीची. माझ्याकडे १९६९ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक आहे: ३०२ घनइंचाचं इंजिन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी चालते, पण नुसतीच चालते. आता जवळच्या एका सॅल्व्हेज यार्डात अपघातात गेलेल्या २०२१च्या एफ-२५० ट्रकचं ७.३ लिटरचं व्ही-८ इंजिन मिळतंय, दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसकट. वायरिंग आणि कॉम्प्युटरही देतो म्हणतोय. आठवडाभर थांबायला तयार आहे. शेजारी म्हणतो, "शॉक टॉवर कापून टाक, ग्राइंडर मी घेऊन येतो." बायको म्हणते, "हे पैसे किचनसाठी ठेवले होते." मुलगा पंधरा वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी त्याला लायसन्स मिळालं की ही गाडी त्याच्या हातात द्यावी, असं मनात आहे. तर इंजिन बसेल का? ट्रकचाच गिअरबॉक्स ठेवू का? आणि गाडीची किंमत पडेल का?
– घोडेस्वार, मिशिगन

उत्तर

घोडेस्वार,

इंजिन बसेल. लोकांनी याहून अवजड इंजिनं याहून लहान गाड्यांत बसवली आहेत. मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या पत्रात ब्रेकचा उल्लेख एकदाच येतो, तोही गाडीचं वर्णन करताना. प्रश्नांमध्ये ब्रेक कुठेच नाहीत. चार ड्रमांच्या भरवशावर थांबणाऱ्या गाडीत तुम्ही साडेसहाशे न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देणारं इंजिन घालायला निघालात आणि विचारताय गिअरबॉक्सचं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण माझ्या क्रमाने.

सर्वात आधी शेजाऱ्याला ग्राइंडर घेऊन घरीच बसू द्या आणि विंडशील्डमधून डॅशबोर्डवर दिसणारी नंबरची पट्टी नीट वाचा. पहिला आकडा ९, म्हणजे १९६९चं मॉडेल. त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटचन. मग ०२, म्हणजे फास्टबॅक. आणि पाचव्या जागेवरचं अक्षर इंजिनचं. तिथे एफ असेल तर गाडी जन्मापासूनच दोन बॅरल कार्ब्युरेटरच्या ३०२ची. एच किंवा एम असेल तर मूळ इंजिन ३५१ होतं आणि मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी ते काढून ३०२ घातलंय. एस म्हणजे ३९०. क्यू किंवा आर निघालं तर ती ४२८ कोब्रा जेटची, म्हणजे दुर्मीळ आणि महागडी गाडी आहे. मग यार्डवाल्याला फोन करू नका, विमा कंपनीला करा.

पट्टीवरचं अक्षर पुरेसं वाटत नसेल तर मार्टी ऑटो वर्क्सकडून गाडीचा रिपोर्ट मागवा. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातल्या मूळ नोंदी त्यांच्याकडे आहेत. गाडी कोणत्या रंगात, कोणत्या डिफरन्शियलने, कोणत्या सामानासह बाहेर पडली ते समजतं. रिपोर्टचा खर्च तुमच्या एकूण बेतात चहापाण्याइतका आहे. तुमच्या वर्णनावरून मला ती साधी एफ अक्षराचीच गाडी वाटते, आणि पुढचं सगळं ते धरूनच लिहितो. अशी गाडी बदलली तर इतिहासाचं काही बिघडत नाही. तशा गाड्या पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ उरल्याही आहेत.

आता इंजिन. फोर्डने ते २०२०च्या सुपर ड्यूटी ट्रकांमध्ये आणलं आणि कंपनीतल्याच लोकांनी त्याला गॉडझिला म्हणायला सुरुवात केली. जुन्या मापात ४४५ घनइंच. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेड, फोर्ज केलेला पोलादी क्रँक, १०.५ला १ कॉम्प्रेशन, पिस्टनला खालून तेलाचा फवारा मारून थंड ठेवणारे जेट. ओझं ओढत डोंगर चढायचा, तोही वर्षानुवर्षं, या हिशेबाने सगळं बांधलंय. तरीही रचना तुमच्या ३०२च्याच घराण्यातली: कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, वर पुशरॉड आणि रॉकर. हे तुमच्या पथ्यावर पडतं. आजच्या मस्टँगमधलं पाच लिटरचं कोयोटी घ्यायला गेलात तर प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट येतात. क्षमता कमी, पण माथा रुंद, आणि १९६९च्या बॉनेटखाली नेमकी रुंदीचीच टंचाई. शिवाय गॉडझिलात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न जाता इनटेकच्या पोर्टमध्ये फवारलं जातं, त्यामुळे पंपाचं काम पुष्कळ सोपं होतं. त्याकडे पुढे येतो.

डेट्रॉइटच्या नदीकाठी उभं राहिलं की पलीकडे, चक्क दक्षिणेला, कॅनडातलं विंडसर दिसतं. तुमच्या ३०२ला सगळे विंडसर म्हणतात ते त्या गावावरून, आणि गॉडझिलाही तिथेच बनतं. म्हणजे सोयरीक गावातल्या गावातच आहे.

ताकदीच्या आकड्यांनी मात्र फसू नका. ट्रकमधलं ७.३ हे ५५०० आरपीएमला ४३० अश्वशक्ती आणि ४००० आरपीएमला ४७५ पाउंड-फूट टॉर्क देतं. तुमच्या ३०२च्या कागदावर २२० अश्वशक्ती लिहिलेली असेल. वाचताना वाटतं, दुपटीला जरा कमीच की! पण १९७१पर्यंत अमेरिकन कंपन्या छापत ते आकडे इंजिन टेबलावर ठेवून घेतलेले असत. पंखा नाही, अल्टरनेटर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. गाडीत बसवलेल्या अवस्थेतले आकडे छापायची पद्धत १९७२पासून आली. तुमचे २२० जुन्या हिशेबाचे आहेत आणि ट्रकचे ४३० नव्या. फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि तो रेसिंगच्या वरच्या आरपीएमला नव्हे, सिग्नल सुटला की लगेच जाणवणारा आहे.

म्हणूनच टॉवरचा विषय सावकाश बघू. आपलं घोडं तिथेच पेंड खातं.

बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन इंजिनच्या दोन्ही अंगांना पाहा. आतल्या मडगार्डमधून पत्र्याचे दोन जाडजूड बुरूज इंजिनकडे झुकलेले दिसतील. ते शॉक टॉवर. या मस्टँगमध्ये पुढची कॉइल स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक टॉवरच्या छपराला टेकतं. खड्ड्यात चाक आदळलं की तो सगळा मार टॉवर खातो, आणि टॉवरकडून तो आतल्या मडगार्डच्या पत्र्यात आणि खालच्या रेलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पोकळ तुळईत, जातो. गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्राच चॅसी आहे. टॉवरपासून फायरवॉलकडे जाणारी कैची दिसते ना, ती दोन्ही टॉवर पन्नास वर्षांत आत झुकू नयेत म्हणून दिलेली आहे. तरीही झुकतात. दोन्ही टॉवरांमधलं अंतर मोजा, मग फॅक्टरीचं माप शोधून ताडून पाहा. तुमच्या गाडीची तब्येत पहिल्यांदा तिथे कळेल.

शेजारी म्हणतो ते अगदीच चूक नाही. मोठं इंजिन घालणारे बहुतेक लोक शेवटी टॉवर काढतातच, कारण ब्लॉक आणि हेड एखादवेळी मावतील, पण हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्या, आणि डावीकडचा स्टिअरिंग बॉक्स यांनी जायचं कुठून? पण "कापून टाक" म्हणजे अर्धंच वाक्य झालं. टॉवर काढला की स्प्रिंगचा भार झेलायला नवं काहीतरी लागतं. बाजारात त्यासाठी मस्टँग टू या नंतरच्या मॉडेलच्या धर्तीवरचे पुढचे क्रॉसमेंबर, म्हणजे दोन रेलमधल्या आडव्या तुळया, मिळतात. त्यांत स्प्रिंगचा भार खाली रेलवर येतो, स्टिअरिंग रॅकचं होतं आणि इंजिनची फाउंडेशनं त्याच क्रॉसमेंबरवर बसतात. म्हणजे भार ज्या रेलवर येणार, ती रेल आतून शाबूत हवी. मिशिगनमध्ये पन्नास हिवाळे मीठ खाल्लेल्या गाडीची रेल वरून रंगवलेली असते आणि आतून पापड झालेली असते. जॅकच्या जागेजवळ, टॉर्क बॉक्सच्या कोपऱ्यात, पुढच्या रेलच्या तळाला टोच्याने टोचून पाहा. टोच्या आत गेला तर तुमचं पहिलं काम वेल्डिंगचं आहे, आणि इंजिन या वर्षी नाही.

हे फोर्डनेही केलेलं आहे, तेही तुमच्याच गाडीच्या वर्षी आणि तुमच्या घरापासून फार लांब नव्हे. नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यतींमध्ये ४२९ इंजिन पळवायचं तर ते लोकांना विकलेल्या गाड्यांतही असायला हवं, असा नियम होता. फोर्डने त्यासाठी मस्टँग निवडली आणि इंजिन काही मावेना. म्हणून डिअरबॉर्नहून गाड्या ब्रायटन गावात कार क्राफ्ट या ठेकेदाराकडे गेल्या. तिथे टॉवर बाहेर सरकवून नव्याने बांधले आणि बॅटरी उचलून डिकीत टाकली. एअर कंडिशनर कोणत्याच गाडीला मिळाला नाही, जागाच नव्हती. ती बॉस ४२९. दोन वर्षांत जेमतेम साडेतेराशे निघाल्या. सांगायचा मुद्दा एवढाच, की खुद्द कारखान्याला, ड्रॉइंग हाताशी असताना, या खोलीत मोठं इंजिन घालायला वेगळी वर्कशॉप लावावी लागली. तुमचं इंजिन त्या ४२९पेक्षाही क्षमतेने मोठं आहे. वजनाने मात्र जुन्या लोखंडी हेडच्या मोठ्या इंजिनांपेक्षा ते हलकं आणि तुमच्या ३०२पेक्षा जड पडेल, म्हणजे गाडीचं नाक खाली बसेल, ते नव्या स्प्रिंगने सावरायचं.

मापं घेताना इंजिन पूर्ण जोडलेलं नको. इनटेक, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड सगळं काढून नुसता ब्लॉक आणि हेड क्रेनने उतरवा. ट्रकचं चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, उंच गाडीसाठी केलेलं असतं. मस्टँगमध्ये ते एकतर क्रॉसमेंबरवर अडतं किंवा रस्त्याच्या फार जवळ येतं, त्यामुळे बदलावं लागेल असंच धरून चला. वर ट्रकचा इनटेक चांगलाच उंच आहे, बॉनेट लागणार नाही. यावर उपाय दोन: कमी उंचीचा इनटेक विकत घ्या किंवा बॉनेटला भोक पाडून वर स्कूप बसवा. दुसरा उपाय तरुण दिसतो, पहिला महाग पडतो. इंजिन मागच्या बाजूला किंचित खाली कललेलं असू द्या, आणि डिफरन्शियलचं तोंड तितक्याच कोनात वर. हे दोन कोन जुळले नाहीत तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पन्नासच्या वेगाला गुणगुणायला लागतात आणि सत्तरला आरशात मागचं काही दिसेनासं होतं. मग लोक टायर बॅलन्सिंग करत हिंडतात.

गिअरबॉक्स: ठेवू नका. ट्रकची १०आर१४० ही दहा गिअरची पेटी उत्तम आहे, पण ती ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी बांधलेली आहे, आणि आकार-वजनही त्याच मापाचं. ती घालायची तर मस्टँगचा मधला बोगदा जवळपास पूर्ण कापून नवा करावा लागेल आणि पुढच्या दोन्ही सीटा बाहेरच्या बाजूला ढकलाव्या लागतील. विकून टाका, ट्रकवाले घेतात. त्या पैशात भर घालून पाच किंवा सहा गिअरचा मॅन्युअल घ्या, किंवा मॅन्युअल नको असेल तर लहान ऑटोमॅटिक. बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच आणि स्टार्टर एकाच विक्रेत्याकडून, ७.३साठी म्हणून मिळणारा संच घ्या. चार ठिकाणांहून चार स्वस्त भाग आणले की स्टार्टरचे दात फ्लायव्हीलला घासत बसतात आणि चूक कुणाची ते कुणीच कबूल करत नाही.

यार्डवाला वायरिंग आणि कॉम्प्युटर देतोय याने फार हुरळून जाऊ नका. ट्रकचा कॉम्प्युटर ट्रकमध्येच सुखी असतो. त्याला किल्लीची ओळख लागते, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर लागतो, गिअरबॉक्सचा आणि बाकीच्या मॉड्युलांचा निरोप लागतो. एखादा निरोप आला नाही की तो रुसतो आणि इंजिन सुरू होऊन बंद पडतं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले, तुम्हाला हे सोडवायचा मोह होणार. तो आवरा. फोर्ड परफॉर्मन्स या इंजिनसाठी वेगळा कंट्रोल पॅक विकतं. त्यात कॉम्प्युटर, हार्नेस, पेडल, सेन्सर एकत्र येतात. होलीसारख्या कंपन्यांचीही यंत्रणा मिळते. ट्रकचं वायरिंग तरीही घ्या, पण ते कनेक्टरांसाठी.

पेट्रोलचं म्हणाल तर, तुमचा जुना यांत्रिक पंप पाच-सहा पीएसआय दाब देतो. इंजेक्शनला साधारण दहापट लागतो. या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हेच डिकीचं फ्लोअर असतं, म्हणजे तुमच्या सामानाखाली थेट पेट्रोल. नवी टाकी आत पंप असलेली आणि आडव्या पट्ट्या टाकलेली घ्या, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. नळी इंजेक्शनसाठी म्हणून विकली जाते तीच. कार्ब्युरेटरची साधी रबरी नळी त्या दाबाला फुगते, आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. इथे पैसे वाचवू नका.

रेडिएटर नवा, जाड, पूर्ण आच्छादनाच्या पंख्यासह. यावर जास्त लिहीत नाही, कारण ट्रॅफिकमध्ये एकदा काटा वर गेला की माणूस आपोआपच घेतो.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे पूर्वी पेट्रोलची जीप डिझेल करून देणारे मिस्त्री गावोगावी असत. प्रश्न तिथे हौसेचा नव्हता, पेट्रोलच्या भावाचा होता. डिझेलचं धूड जीपच्या नाकात बसवायचं तर चांगला मिस्त्री आधी पुढच्या पाट्यांकडे, म्हणजे स्प्रिंगांकडे बघायचा. गाडीला भार पेलेल का, मग इंजिन. तुमची सुरुवात उलट्या टोकाने होतेय, आणि या छंदात बहुतेकांची तशीच होते. स्वस्त इंजिन दिसतं, घरी येतं, जुनं इंजिन उत्साहात उपसून काढलं जातं. मग कळतं की टॉवर, ब्रेक, डिफरन्शियल, टाकी, वायरिंग हे सगळं बाकी आहे आणि पैसे संपलेत. गाडी ताडपत्रीखाली जाते. विकायला काढलेल्या 'नव्वद टक्के काम झालेल्या' मस्टँगच्या जाहिराती वाचा. त्यांतल्या बऱ्याचशा अशाच.

म्हणून ३०२ सध्या गाडीतच राहू दे. त्याच्याच जोरावर या उन्हाळ्यात मागचं काम करा. ३०२च्या गाड्यांना साधारणपणे आठ इंची डिफरन्शियल येई, मोठ्या इंजिनांना नऊ इंची. ४७५ पाउंड-फूट आठ इंचीला झेपणार नाही. दात तुटतील, तेही घरापासून लांब. नऊ इंची बसवा, मागचे पाटे नवे घाला, आणि पुढच्या-मागच्या रेल जोडणाऱ्या सबफ्रेमच्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. कारखान्याने या दोन रेल मधे जोडलेल्याच नाहीत, मधे नुसता फ्लोअरचा पत्रा आहे. मोठ्या टॉर्कला तो पिळतो आणि दाराच्या फटी बदलतात. मागे डिस्क लावा. पुढच्या डिस्कचा निर्णय टॉवरच्या निर्णयाला बांधलेला आहे. टॉवर ठेवायचे असतील तर मूळ स्पिंडलवर, म्हणजे चाक फिरतं त्या आसावर, बसणाऱ्या डिस्क आत्ताच घ्या. टॉवर जाणार असतील तर नव्या क्रॉसमेंबरसोबत स्पिंडलही नवे येतात, मग आत्ता घेतलेल्या डिस्क कपाटात पडतील. अशा वेळी पुढची बाजू तशीच ठेवून, ड्रम नीट लावून, सावकाश चालवा. मास्टर सिलिंडर मात्र मागच्या डिस्कच्या मापाने बदला आणि मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून प्रपोर्शनिंग व्हाल्व्ह लावा.

हे झालं की गाडी चालवा. खरंच चालवा, नुसती धुऊन ठेवू नका. घट्ट झालेली, नीट उभी राहणारी मस्टँग ३०२वरही किती वेगळी वाटते ते तुम्हाला अजून माहीतच नाही. पानगळ संपेपर्यंत चालवून पुरेसं वाटलं तर गोष्ट तिथे मिटली, आणि किचनही होईल. पुरेसं नाही वाटलं तर हिवाळा आहेच: क्रॉसमेंबर, पुढचे ब्रेक, टाकी, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

मधला एक रस्ता सांगून ठेवतो, कारण शेजारी तो सांगणार नाही. ३५१ विंडसरचा ब्लॉक घेऊन त्यात लांब स्ट्रोकचा क्रँक घातला की ४०८ घनइंच होतात. नीट बांधलेलं ४०८ चारशेच्या वर अश्वशक्ती आरामात देतं आणि टॉवरला हात न लावता तुमच्या गाडीत बसतं, कारण ३५१ त्या गाडीत कारखान्यातूनच येत होतं. गॉडझिलाचा रुबाब त्याला नाही. पण मला विचाराल तर तुमच्यासारख्या, शनिवार-रविवार दोन हातांनी काम करणाऱ्या माणसाला मी तेच सुचवेन. ७.३ तेव्हाच, जेव्हा टॉवर काढण्याचं वेल्डिंग दुसऱ्या, त्याच कामात मुरलेल्या माणसाकडून करून घ्यायची तयारी आणि पैसे आहेत.

किमतीचं उत्तर सरळ आहे. मूळ ३०२च्या गाडीतून जुनं इंजिन काढल्याने फारसं काही जात नाही. ते तेलाने माखून, पिशवीत गुंडाळून, स्टँडवर ठेवा आणि कागदांत जपा. टॉवर कापल्याने मात्र गाडी मूळ स्थितीत परत न्यायची वाट बंद होते आणि संग्राहक गिऱ्हाईक जातं. राहतं ते हौशी गिऱ्हाईक, आणि ते वेल्डिंग बघून पैसे देतं. घातलेला खर्च वसूल होईल हे मनातून काढून टाका. मिशिगनमध्ये गाडीची धूर तपासणी नसल्यामुळे कागदोपत्री अडचण नाही. उद्या नोकरीने कॅलिफोर्नियात गेलात तरी १९७५ आणि आधीच्या गाड्यांना तिथे स्मॉग तपासणीतून सूट आहे. जुन्या गाड्यांची हिस्टॉरिक नंबरप्लेट घेतली असेल तर तिच्या अटी वाचा: प्रदर्शनं, क्लबच्या फेऱ्या, गाडीची चाचणी वगैरे चालतं. रोजच्या ये-जा करायला फक्त ऑगस्टमध्ये परवानगी. वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची फेरी ऑगस्टमध्येच असते, तेवढं बरं. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या आणि इंजिन बदलल्याचं लेखी कळवा. न कळवता बदललं आणि काही झालं तर तुम्ही आणि वकील.

चिरंजीवांना ही गाडी द्यायची नाही. सोळाव्या वर्षी नाही, आणि ७.३ घातल्यावर तर मुळीच नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आणि ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही मागची चाकं सुटणार. त्याला चालवायला एखादी जुनी, कंटाळवाणी, एअरबॅगवाली सेडान द्या. मस्टँगमध्ये त्याला पाना द्या. ब्रेकची हवा काढताना एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने निपल सोडायचा, हे काम नाहीतरी एकट्याने होत नाही. तो तुमच्याजवळ बसून शिकेल आणि पुढे कधीतरी, तुम्ही बाजूला असताना, रिकाम्या पार्किंगमध्ये चालवेलही.

वहिनींच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. किचनचे पैसे किचनचेच. वरच्या क्रमाचा एक फायदा असा की खर्च दोन-तीन वर्षांत विभागला जातो आणि प्रत्येक टप्प्यानंतर चालणारी गाडी दारात असते. हे त्यांना दाखवता येईल. गॅरेजमध्ये उपसून ठेवलेलं इंजिन दाखवून पुढचे पैसे मागता येत नाहीत.

यार्डवाल्याला आठवड्याच्या आत उत्तर द्यायचंच असेल तर आधी त्याच्याकडून एवढं विचारून घ्या. ज्या ट्रकचं इंजिन आहे त्याचा पूर्ण नंबर. मीटरवरचे मैल नव्हेत, इंजिनचे तास, आणि त्यातले उभ्याने चालू ठेवलेले तास वेगळे. सुपर ड्यूटीच्या मीटरमध्ये दोन्ही दिसतात, आणि बांधकामावरचा ट्रक मैलांपेक्षा कितीतरी जास्त चाललेला असतो. इंजिन ७.३च आहे ना: २०२३पासून फोर्डने याच घराण्यातलं कमी स्ट्रोकचं ६.८ही विकायला काढलंय आणि बाहेरून दोन्ही भावंडं सारखी दिसतात. तो ट्रक एफ-२५०च ना: जड चॅसीच्या गाड्यांत हेच ७.३ कमी ताकदीच्या, ३५० अश्वशक्तीच्या ट्यूनिंगने येतं. मार समोरून बसलाय की बाजूने: समोरून असेल तर पुढचं कव्हर, पुली आणि चेंबर हाताने चाचपून पाहा. रॉकर कव्हर काढू देत असेल तर क्रँक हाताने फिरवून सगळे रॉकर सारखे उचलतात का ते बघा. एखादा कमी उचलत असेल तर त्या कॅम-लिफ्टरचं दुखणं तुमच्या पैशाने बरं करायचं नाही. आणि गिअरबॉक्ससकट घेतलात तरी भाव दोन्हींचा वेगवेगळा लिहून घ्या. पेटी विकायला काढाल तेव्हा तो कागद लागेल.